इथे निरोप म्हणावा

ओमेश्वरी पटलेला अक्षरं उलटीही वाचता येतात. छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं, आणि तिच्या नोकरीची सुरुवात खिळे जुळवण्यानंच झाली. आता पन्नाशी उलटली, चष्मा लागला, खिळे जाऊन कॉम्प्युटर आले. जागा मात्र तीच. गोंदियाच्या बाजारातली एक माडी, खाली किराण्याचं दुकान, वर ‘पांगोली प्रकाशन’.

ती तिथं कशी लागली, ते तिच्या मुर्री गावातली जुनी माणसं अजून हसत हसत सांगतात. तिचे वडील ग्यानीराम बोपचे. त्यांना ती अजी म्हणायची. थोडी धानाची शेती होती, आणि शेतीतून उरलेला सगळा जीव दंडारीत, इकडच्या लोकनाट्यात. दिवाळी झाली, धान कापून झाला की या भागात गावोगाव मंडई भरते. पाळणे, मिठाई, बांगड्या, आलेगेलेले पाहुणे, आणि दुपारी बांधीत, म्हणजे कापून मोकळ्या झालेल्या धानाच्या शेतात, दंडार. ढोलक घुमतो, टाळ वाजतात, मिशा भादरलेले गडी लुगडं नेसून बायकांची कामं करतात आणि गाव पोट धरून हसतं. ग्यानीराम दुसऱ्यांच्या दंडारी करून कंटाळले तेव्हा त्यांनी स्वतःची लिहिली, ‘धानराजाचं लगन’. धानराजा पांगोली नदीच्या पोरीला मागणी घालतो, बगळे वऱ्हाडी होऊन येतात, खेकडा मध्यस्थी करतो आणि दोन्हीकडून मार खातो, अशी ती गोष्ट.

ती वही पिशवीत घालून ते यादोराव टेंभरेंकडे गेले. यादोराव लग्नपत्रिका आणि राईस मिलची पावतीपुस्तकं छापायचे, आणि त्यातून सवड मिळाली की हट्टानं पुस्तकं काढायचे. त्यांनी वही उघडली, जवळ धरली, लांब धरली.

“ग्यानीरामभाऊ, हे अक्षर हाये का मुंग्याची रांग?”

“माह्या पोट्टीले वाचता येते,” ग्यानीराम म्हणाले.

“मंग पोट्टीलेच इथं बसवा. बुक होयेपर्यंत.”

दुसऱ्या दिवसापासून ओमेश्वरी सायकलनं छापखान्यात जाऊ लागली. खिळ्यांचे खण पाठ झाले, बोटांची टोकं काळी झाली. बुक झालं, पण पोट्टी काही घरी परत बसली नाही. लग्नही मुर्रीतच झालं, राईस मिलमध्ये हमालांचा हिशेब ठेवणाऱ्या दुधराम पटलेशी. लग्नाच्या बोलणीतच तिनं सांगून टाकलं होतं की छापखाना सुटणार नाही. दुधरामला त्यात वावगं वाटलं नाही. “सुटाले कायले पायजे?” एवढंच तो म्हणाला, आणि हा माणूस चालेल असं तिला वाटलं.

ती वर्षं आठवली की ओमेश्वरीला आधी शाईचा वास आठवतो. मंडईच्या दिवसांत यादोराव एक मॅटाडोर भाड्यानं घ्यायचे. मागे पुस्तकांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर ओमेश्वरी आणि बिसराम. बिसराम हा गोरेगावचा. एरवी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून बाजार करायचा आणि पुस्तकं भाजीसारखी ओरडून विकायचा. “घ्या बाई लगनाचे गाने, नवरी रडली नाई तं पैसे वापस!” एका बाजूला त्याची ताडपत्री पसरलेली, दुसऱ्या बाजूला अजींची दंडार रंगलेली. खेळ संपला की अंगावरच्या रंगासकट अजी ताडपत्रीपाशी यायचे, आपलं पुस्तक उचलायचे, उगाच दोन पानं चाळायचे आणि परत ठेवायचे. आपलं पुस्तक विकलं जातं की नाही, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायची त्यांना लाज वाटायची.

मग मंडईत ऑर्केस्ट्रा आला. ऑर्केस्ट्रामागून डीजे आला. दंडार करणारे गडी म्हातारे झाले, काही रायपूर-नागपूरकडे कामाला गेले. एका हिवाळ्यात अजी वारले. त्याच्या पुढच्या वर्षी खिळे भंगारात गेले. यादोराव त्या दिवशी माडीवर आलेच नाहीत. ओमेश्वरीनं ते मोजून दिले आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. शिकली. उलट्या अक्षरांची बोटं सुलट्या कळफलकावर बसायला थोडे महिने गेले, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी यादोरावही गेले. त्यांची मुलगी रुची नागपुरात नोकरी करत होती. ती सोडून ती माडीवर येऊन बसली, तेव्हा बाजारातल्या लोकांनी माना हलवल्या. पण रुचीनं पुस्तकं ऑनलाइन दुकानांत टाकली, चार-दोन पुस्तकांची ई-बुकं केली, नागपूरच्या आणि पुण्याच्या वितरकांशी बोलणी केली. रायपूरला, सुरतला गेलेली इकडची माणसं तिकडून पुस्तकं मागवू लागली. तसा एक नवा घोळ झाला. विक्री दहा ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणाहून येणारी फाइल वेगळी. कुठल्या लेखकाचं काय गेलं, हे कुणालाच धड सांगता येईना. शेवटी रुचीनं रॉयल्टीचं सॉफ्टवेअर घेतलं.

“मावशी, सगळ्यांच्या फाइली यात टाकायच्या,” ती म्हणाली. “इम्पोर्ट करायच्या. आपण एकदा सांगायचं की या फाइलीतला हा रकाना म्हणजे पुस्तकाचं नाव, हा प्रती, हा परत आलेला माल. मग दर महिन्याला ते आपोआप लेखकाच्या नावावर चढतं.”

“आपोआप कायचं चढते?” ओमेश्वरी म्हणाली. “चढवनारा कोनी लागतेच.”

आणि चढवणारी तीच ठरली.

पहिल्या फाइलीनंच इंगा दाखवला. पुण्याच्या वितरकाची एक्सेलची फाइल तिनं उघडून जपून ठेवली, आणि सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर पडदा लालेलाल. सगळ्या पुस्तकांचे आयएसबीएन एकसारखे झाले होते. प्रत्येकापुढे ९.७८ आणि मागे काहीतरी ई आणि अधिक बारा. तिला वाटलं, आपण काहीतरी मोडलं. ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली. रुचीनं येऊन पाहिलं आणि हसली.

“मावशी, एक्सेल लांब आकडा दिसला की त्याची गोळी करते. फाइल उघडायच्या आधीच त्या रकान्याला सांगायचं, तू आकडा नाहीस, अक्षर आहेस.”

ते तिला पटलं. आकड्याला अक्षर म्हण, की झालं. मग एका फाइलीत तारखा उलटल्या. तीन नोव्हेंबरची विक्री अकरा मार्चला जाऊन बसली. मग एकच फाइल तिनं चुकून दोनदा चढवली आणि शेतीच्या पुस्तकाचा लेखक क्षणभर भलताच लोकप्रिय झाला. रुचीनं मागचा इम्पोर्ट कसा काढून टाकायचा ते दाखवलं. हळूहळू लाल ओळी कमी झाल्या. कुठून ‘लग्नाची गाणी’ यायचं, कुठून ‘लगनाचे गाने’. दोन्ही एकच, हे तिनं सॉफ्टवेअरला एकदा शिकवलं की ते विसरायचं नाही. तिला ते काम आवडू लागलं. नाव दिसलं की पुस्तक आठवायचं. पुस्तक आठवलं की त्याचा लेखक माडीचा जिना कसा चढायचा, तेही आठवायचं.

सगळ्यात अवघड फाइल बिसरामची, कारण त्याची फाइलच नव्हती. आता सायकल सुटली होती. गोरेगावला बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी होती. महिना संपला की तो नातवाच्या फोनवरून आवाज पाठवायचा.

“ओमी, आइकून राहिली का वो? लगनाच्या गान्याचे सहा गेले. भाजीपाल्याच्या बुकाचे दोन. एक बुक उंदरानं खाल्लं, थे कोनात धरतं, पाय तूच.”

उंदरासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता. रुचीनं ते ‘खराब प्रती’त टाकायला सांगितलं. ओमेश्वरी बिसरामचा आवाज ऐकत ऐकत एक छोटी फाइल स्वतः बनवायची आणि ती चढवायची.

लेखकांची माहिती भरताना अजींचं नाव आलं. ग्यानीराम बोपचे, पुस्तक ‘धानराजाचं लगन’, लेखक हयात नाहीत, वारस कोण? ती एकुलती एक. तिनं स्वतःचं नाव टाइप केलं आणि जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. अजींच्या नावाखाली तिचं नाव याआधी फक्त शाळेच्या दाखल्यावर आलं होतं. पुस्तकासमोर विक्री मात्र शून्य. या महिन्यात शून्य, मागच्या महिन्यात शून्य. कोपऱ्यातल्या कपाटात दोन गठ्ठे पडून होते आणि काही प्रती बिसरामकडे. रुचीनं कधी ते पुस्तक यादीतून काढू या असं म्हटलं नाही, याचं ओमेश्वरीला मनातून बरं वाटायचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. बिसरामचा आवाज आला. आधी खोकला, मग बाजारातला गलका, मग तो.

“ओमी, आइक. गेनीरामभाऊच्या दंडारीचे होते नव्हते थे सारे बुक गेले. देवरीकडचे पोट्टे आले होते मोटारसायकलवर. मी म्हनलो, कायले पायजेत बाप्पा एवढे? तं म्हंते, आमी दंडार बसवून राहिलो. मंडईले. आनखी असतीन तं पाठव.”

ओमेश्वरीनं तो आवाज पुन्हा लावला. मग पुन्हा. रुची आपल्या टेबलावरून उठून आली.

“काय झालं मावशी? कुणाचं काही बरंवाईट?”

“नाई वो,” ती म्हणाली. “अजीचं बुक गेलं.”

मग तिनं चष्मा काढून पुसला आणि फाइल बनवायला घेतली. शीर्षक, तारीख, प्रती. चढवली. एकही ओळ लाल झाली नाही. शून्य गेलं. रुची शेजारीच उभी होती. “तुम्ही जा मावशी,” ती म्हणाली, “बघून या.” ओमेश्वरी म्हणाली, एवढ्या दूर कुठं जाऊ, घरी मळणीचा धान चुरायचा पडला आहे. घरी दुधरामला सांगितलं तेव्हा तो भाकरी मोडता मोडता थांबला.

“धान मी पायतो. तू जाय. मामाजीची दंडार व्हते अन् तू इथं बसतं, हे बराबर दिसते का?”

एसटी गोरेगावला थांबली तेव्हा बिसराम स्टँडवर उभाच होता. धुतलेलं धोतर, गळ्यात मफलर, काखेत पुस्तकांचा गठ्ठा. “मंडईले जाचं अन् बुक नाई न्याचं?” तो म्हणाला. मॅटाडोरच्या दिवसांसारखाच तो वाटभर बोलत होता. कोण वारलं, कोणाच्या पोरानं मिल घातली, कोणत्या मंडईत यादोराव चिखलात पडले होते. खिडकीबाहेर कापलेल्या बांध्या, मधूनच रचलेल्या धानाचे पुंजणे, आणि देवरी जवळ आली तशी जंगलाची सावली. हायवेवर उतरले तर न्यायला खुमेंद्र आला होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तिशीच्या आतला गडी. यानंच ही दंडार उभी केली होती. त्याच्या आजोबांच्या पेटीत पुस्तकाची एक फाटकी प्रत निघाली, त्यातला खेकडा वाचून तो एकटाच हसत सुटला, आणि मग मित्रांना वाचून दाखवली.

“माय, तुम्ही गेनीराम बाबाच्या पोरगी?” त्यानं वाकून पाया पडत विचारलं. ओमेश्वरीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी शाळेमागच्या बांधीत लोक बसले. ढोलक सुरू झाला. आणि धानराजा आला तो गडी नव्हताच. पिवळा फेटा, कोळशाची मिशी काढलेली एक पोरगी होती. चेतना तिचं नाव, गावच्याच अंगणवाडीत काम करणारी. ओमेश्वरी दचकली. अजींच्या काळात बाईमाणूस बांधावरूनच दंडार बघायचं. ती स्वतः घरी अजींसमोर सगळी कामं करून दाखवायची, नदीच्या पोरीचं, खेकड्याचं, आणि अजी हसून म्हणायचे, पोट्टा असतीस तं तुले घेऊन फिरलो असतो.

चेतनानं कमरेवर हात ठेवला आणि पहिली आरोळी दिली.

“सरका गा बगळेहो, वाट द्या! धान चालला सासऱ्याच्या घरी, अन् सासरा नदीत पोहून राहिला!”

बांधी हसली. आणि ओमेश्वरीच्या ओठांवर पुढचं वाक्य आधीच आलं होतं. हे प्रत्येक वाक्य तिच्या चिमटीतून गेलं होतं, एकेक अक्षर. खेकड्यानं दोन्हीकडचा मार खाल्ला तेव्हा एक म्हातारी हसता हसता आडवी झाली. मध्ये पोरांनी एक नवा बगळा घुसवला होता, तो हातात मोबाइल घेऊन वऱ्हाडाचे फोटो काढत फिरत होता. अजींना तो आवडला असता, असं तिला वाटलं. बिसराम शेजारी बसून डोळे पुसत होता आणि विचारलं तर धूळ गेली म्हणत होता.

लग्न लागलं. नदीची पोरगी धानराजाच्या मागं उभी राहिली. आणि इथं खेळ एकदम थांबला. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग कुणीतरी स्पीकर लावला, सिनेमातलं गाणं सुरू झालं, सगळे नाचले आणि दंडार संपली. लोक टाळ्या वाजवत उठले. ओमेश्वरी मात्र बसूनच राहिली. काहीतरी राहिलं होतं, शेवटी म्हणायचं निरोपाचं गाणं.

खुमेंद्र धावत आला. “माय, कशी झाली?”

“सुंदर झाली बाबा. पन निरोप कोठी हाये?”

खुमेंद्रनं मागच्या खिशातून पुस्तक काढलं, शेवटचं पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिथं एकच ओळ होती : ‘इथे रिवाजाप्रमाणे निरोप म्हणावा.’

“हेच आमाले समजलं नाई,” तो म्हणाला. “आमी साऱ्या म्हाताऱ्याले विचारलं. कोनी म्हंते दोन ओळी येतेत, कोनी म्हंते विसरलो. रिवाज कोनता, कोनालेच मालूम नाई.”

ती ओळ बघताच तिला ती दुपार आठवली. शेवटचं पान जुळवत असताना तिनं हात थांबवून विचारलं होतं, अजी, निरोप लिहून द्या ना. खिडकीत बसून पान खात असलेले अजी खदखदून हसले होते. “तो कायले लिवाचा? लेकराले बी येते. जे साऱ्याले येते, थे लिवून शिसं कायले बिघडवाचं?”

चेतना मिशी पुसत पुसत जवळ आली. बाकीची पोरं-पोरी जमली. “माय, तुमाले येते का?” तिनं विचारलं.

ओमेश्वरीला येत होता. अजींच्या तोंडून तिनं तो इतक्यांदा ऐकला होता की विसरणं शक्यच नव्हतं. पण चार माणसांत ती कधी गायली नव्हती. तिनं बिसरामकडे पाहिलं.

“म्हन वो,” बिसराम म्हणाला. “आता कोन अडवते तुले?”

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, गळा खाकरला. ढोलकवाल्यानं बोटांनी हलकेच ठेका धरला, आणि आवाज आला. जाडसर, थोडा कापरा.

“आलो तुमच्या दारी गा, बसलो तुमच्या बांधी,
हासलं-बोललं पोटात ठेवा, राग ठेवा खांदी।
धान गेला कोठीत गा, पाखरू गेलं रानी,
आमचा रामराम घ्या आता, तुमचं गोड पानी।”

उठलेले लोक परत वळले. मागे बायकांच्या घोळक्यात एका म्हातारीनं दुसरी ओळ पकडली. विसरली होती ती, पण सूर ऐकताच शब्द तोंडात आले. मग आणखी एकीनं. ओमेश्वरी पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली तेव्हा चेतनानं तिचा हात धरला आणि तिच्यासोबत म्हणू लागली. खुमेंद्र फोन धरून उभा होता, पण तो बघत होता तिच्याकडे. उन्हं उतरेपर्यंत त्यांनी तिच्याकडून निरोप म्हणवून घेतला. बिसरामनं तेवढ्यात गठ्ठा सोडला आणि ताडपत्री नसली तरी मफलर पसरून दुकान मांडलं.

माडीवर परत आल्यावर तिनं रुचीला सगळं सांगितलं. रुचीनं पुस्तकाची जुनी प्रत मागून घेतली, शेवटचं पान वाचलं आणि म्हणाली, “दुसरी आवृत्ती काढू. निरोपासकट.”

अक्षरजुळणी ओमेश्वरीनंच केली. कपाटातल्या पिवळ्या प्रतीवरून, पान पान. अजींच्या शब्दाला कुठंच हात लावला नाही. फक्त शेवटच्या ओळीखाली निरोप टाइप केला. नवी आवृत्ती सॉफ्टवेअरमध्ये चढवताना सहलेखकाचा रकाना आला. रुची म्हणाली, “निरोपापुढे तुमचं नाव टाकते.”

“माहं कायले? मी का लिवला थो?”

“मग अजींचं?”

“त्यायनं बी नाई लिवला.”

रुचीनं ‘पारंपरिक’ असं लिहिलं. पुस्तकाच्या आत मात्र तिनं, ओमेश्वरीला न विचारता, एक ओळ घातली : निरोप सांगितला ओमेश्वरी ग्यानीराम बोपचे-पटले यांनी. छापून आल्यावरच ओमेश्वरीला ते दिसलं. ती रागावली, आणि मग दुपारभर कुणी आलं की ते पुस्तक टेबलावर उघडंच असायचं.

या वर्षी खुमेंद्र-चेतनाच्या मंडळींना आणखी गावांतून बोलावणी आली. त्यातलं एक मुर्रीचं होतं. मंडईच्या आदल्या दिवशी सगळी पोरं पटलेंच्या घरी उतरली. ओसरीत फेटे, टाळ, बगळ्यांचे कागदी पंख पसरले होते. ओमेश्वरी चुलीपाशी आणि चेतना तिच्या बाजूला, पोळ्या लाटता लाटता दोघींचं गाणं चाललेलं. बाहेर दुधराम खाटेवर बसून ढोलकवाल्याला बजावत होता, “निरोपाच्या टायमाले हात हळू ठेवशीन बाप्पा. बाईचा आवाज लहान हाये.”

“माहा आवाज काई लहान नाई!” आतून ओमेश्वरी ओरडली, आणि ओसरीत एकच हशा पिकला.